तीस मीटर सुतळी

आवडी भोईर चालताना बोलत नाहीत. ओठ मात्र हलत असतात. पावलं मोजणं चालू असतं.

फोन उचलला की "हॅलो" म्हणत नाहीत. "कुठून बोलतोयस?" असं विचारतात.

विद्यार्थ्याबद्दल सांगताना आधी गाव, मग नाव. नेरळची प्राची, वावोशीचा साईनाथ. आडनाव लागलंच तर यादीत बघतात.

चहा बशीत ओततात, निवला की परत कपात घेतात आणि मग पितात.

पाठकोरा कागद टाकत नाहीत. धड्याचे मुद्दे जुन्या प्रश्नपत्रिकांच्या मागे लिहितात.

रेकॉर्डिंगला बसण्याआधी हातातल्या बांगड्या उतरवतात.

रागावल्या की समोरच्याला अहोजाहो करतात.

ऋतिकाने ही यादी कुठे लिहून ठेवली नव्हती. शेजारच्या टेबलावर बसून बसून ती आपोआप झाली होती. ऋतिका नेरळची, चोविशीतली. मराठीत एम.ए. करून कर्जतच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागली, तेव्हा बसायला जागा मिळाली ती भूगोलाच्या भोईर मॅडमच्या बाजूला. मॅडमना चौपन्न चालू होतं. चौक गावात भाऊ गजा, त्याचा ढाबा आणि त्यामागचं घर. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं तर म्हणायच्या, "वेळापत्रकात बसलं नाही." त्या घरातून शाळेच्या पुढे गेलेल्या त्या पहिल्या. बावीस वर्षं एकाच वर्गाच्या फळ्यावर त्यांनी सह्याद्रीचा उतार काढला होता.

त्या डिसेंबरात त्यांच्याकडे ऑनलाइन कोर्स आला. कॉलेज ज्या संस्थेचं, तिनं ऑनलाइन कक्ष काढला होता. नोकरी करणाऱ्या, लांब राहणाऱ्या मुलांसाठी दोन क्रेडिटचे कोर्स. शेवटच्या वर्षाला त्यातला एक करायचाच. बाकीचे प्राध्यापक या ना त्या कारणानं निसटले. मॅडमनी हात वर केला. विषय दिला, "नकाशावाचन आणि आपल्या गावाचा नकाशा". नावं आली सेहेचाळीस. कुणी टोलनाक्यावर कामाला, कुणी खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर, कुणी डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये.

"तू साहित्याची ना?" मॅडमनी ऋतिकाला विचारलं. "धड्यांची भाषा बघून देशील?"

ऋतिकाला आनंद झाला. पहिल्या धड्याची सुरुवात तिनं जीव ओतून लिहिली. मॅडमनी वाचली, पेन्सिल उचलली.

"'निसर्गाच्या कुशीत वसलेलं' काढ."

"का, मॅडम?"

"कूस कुठल्या बाजूला? पूर्वेला की पश्चिमेला? ते लिही."

ऋतिकाने लिहिलं. वाक्य निम्मं झालं आणि गाव दिसायला लागलं. त्या दिवसापासून तिची स्वतःची वाक्यंही आखूड होत गेली.

रेकॉर्डिंग चौकला व्हायचं. कॉलेजात शेजारच्या वर्गाचा आवाज, घरी हमरस्त्यावरचे ट्रक. आवडीताईंनी आवाज कमी येणारी जागा शोधून काढली होती, भाताची खोली. तीन बाजूंना बांबूच्या कणग्या, गळ्यापर्यंत भरलेल्या. आत शिरलं की बाहेरचा हॉर्न कापसात गुंडाळल्यासारखा व्हायचा. पोत्यांवर फोन उभा करायचा, पाठीमागे चादर टांगायची, आणि बांगड्या काढून भात मोजायच्या मापट्यात. कॉलेजातल्या भोईर मॅडम इथे आवडीताई होत्या. ऋतिकाही इथे आल्यापासून ताई म्हणायला लागली.

"आवडे," दाराबाहेरून गजाभाऊ ओरडायचे, "तुजी शाळा कवा सुटंल? गिऱ्हाईक बसलंय, तांदूळ काढायचाय मला."

"सात मिनिटं गप रं."

"सात सात करत सकाळ गेली."

"आता आठ. पहिल्यापासून बोलावं लागंल."

सात मिनिटं हा त्यांचा नियम होता. दिवसाच्या नेटमध्ये धडा बसला पाहिजे, उरलेल्यात मुलांना बाकीचं जग बघायचं असतं, असं त्या म्हणायच्या. चौथा धडा त्यांनी सहा वेळा रेकॉर्ड केला. तीनदा ट्रक, एकदा मांजर. पाचव्यांदा स्वतःच थांबल्या. "उतार म्हणताना मी हात वर नेला," म्हणाल्या. "मुलं हात बघतात. पुन्हा."

आणि ऑनलाइन कोर्स म्हणताना ऋतिकाच्या स्वप्नातही आली नसती अशी एक गोष्ट त्या खोलीत चालली होती. सुतळीचे बिंडे. आवडीताई जमिनीवर बसून तीस तीस मीटरचे तुकडे कापत होत्या. सेहेचाळीस तुकडे, सेहेचाळीस पाकिटं. काही टपालाने गेली, काही सहा आसनी रिक्षावाल्यांच्या हाती, काही दुधाच्या टेंपोने.

"हे कशाला, ताई?"

"मोजपट्टी कुणाकडे असते? सुतळी वाटेवर पसरायची. तिच्या बाजूनं तीनदा चालायचं. पावलं मोजायची, सरासरी काढायची. तीस मीटरला आपली पावलं किती, ते एकदा कळलं की सगळं गाव मोजता येतं."

"तुमची किती?"

"सत्तेचाळीस. ढाब्यातून बस थांब्यापर्यंत तीनशे सहा."

जानेवारीत कोर्स सुरू झाला. कक्षाच्या पडद्यावर चर्चेसाठी एक पान होतं. त्यावर मुलांनी प्रश्न लिहायचे. दोन आठवडे तिथे एक ओळ आली नाही. ऋतिकाला वाटलं, मुलांना रस नाही. आवडीताईंनी सगळ्यांना निरोप धाडला, लिहू नका, बोलून पाठवा. मग आवाज यायला लागले. मागे कुणाची कोंबडी, कुणाचं मशीन, कुणाची आई. ते ऐकून त्या प्रश्न स्वतः टाइप करायच्या, खाली उत्तर लिहायच्या. ज्यानं आठवडाभर धडा उघडला नाही त्याला रविवारी सकाळी फोन जायचा. ओरडण्यासाठी नाही. "कुठून बोलतोयस?" एवढ्यानं सुरुवात व्हायची, आणि कधी कधी अर्धा तास रात्रपाळीवर, लहान भावंडांवर, गुडघ्यावर बोलणं व्हायचं. शेवटी, "तिसरा धडा बघ. सात मिनिटांचा आहे."

पळसवाडीची सात मुलं त्या कोर्सात होती. कर्जतच्या पूर्वेला, डोंगराला टेकलेली ठाकरांची वाडी. दुसऱ्या आठवड्यात तिथल्या चिंधीचा फोन आला. ऋतिका शेजारीच होती.

"मॅडम, धडं उघडंल असा फोन एकच हाय, माजा. बाकीच्यांचं नुसतं बोलायचं हायेत. आणि रेंज टेकाडावरल्या आंब्याखालीच मिळती. आमी सातजण एकाच फोनवं केलं तर चालंल का?"

"चालेल. पाळीनं करा. मी कक्षाला कळवते."

कळवायचं राहिलं. कक्षाचा नियम होता की सामाईक फोनची नोंद तिसऱ्या आठवड्याच्या आत शिक्षकाने करायची. तो नियम आवडीताईंनी वाचला होता, त्याखाली सहीही केली होती. पण त्यांच्या लहानपणी चौकला आळीत पाटा एक होता, शिडी एक होती, रेडिओ एक होता. ज्याला लागेल त्यानं न्यावा. एका वस्तूवर सातजणांचा हात असणं ही त्यांच्या लेखी नोंद करण्याजोगी गोष्टच नव्हती. त्यात त्या आठवड्यात चौथा धडा ट्रकांत अडकला होता. गोष्ट डोक्यातून गेली ती गेलीच.

एप्रिलच्या शेवटी परीक्षा झाली, नकाशे आले. चार दिवसांनी कक्षाचं पत्र आलं. एकाच फोनवरून सातजणांची उत्तरं आली आहेत, एकानंच सगळ्यांसाठी परीक्षा दिल्याचा संशय आहे, सातही जणांचे गुण रोखले आहेत. शिक्षकाने आठ दिवसांत खुलासा करावा.

गुण रोखले म्हणजे दोन क्रेडिट कमी. म्हणजे या वर्षी पदवी नाही. चिंधीचं नाव आश्रमशाळेतल्या मुलींच्या वसतिगृहात कंत्राटी जागेसाठी लागलं होतं. जूनअखेर पदवीचा कागद दाखवायचा होता.

प्राचार्यांनी आवडीताईंना बोलावलं. ऋतिका दाराशी उभी होती.

"मॅडम, असं लिहा की मुलांना नियम माहीत नव्हता. विषय मिटेल."

"नियम मला माहीत होता, सर. मुलांनी विचारलं होतं. मी हो म्हटलं."

"असं लिहिलंत तर कोर्स तुमच्याकडे राहणार नाही."

"राहू नये मग."

त्यांनी खुलासा स्वतः लिहिला, पाठकोऱ्या कागदावर आधी, मग संगणकावर. ऋतिकाला वाचायला दिला. पाच वाक्यं होती. तिनं एकही शब्द हलवला नाही. हलवण्यासारखं काही नव्हतं.

पण चूक कुणाची ते सांगून मुलांचं काम खरं ठरत नव्हतं. ते वेगळं दाखवायला हवं होतं. कक्षाचे प्रमुख कमलेश कर्णिक यांनी सुनावणी ठेवली, पडद्यावरच. आवडीताई कॉलेजच्या खोलीत बसल्या, ऋतिका बाजूला कागद द्यायला. कर्णिक सर चाळिशीचे, नीटनेटके, बोलायला सभ्य.

"मॅडम, तुमची चूक तुम्ही मान्य केलीत, तुमचा मोठेपणा. पण सात मुलं एका फोनवर, एकाच झाडाखाली बसून. एकानं सांगितलं आणि सहांनी लिहिलं, हे नाकारायचं कसं?"

"परीक्षेचं मलाही नाकारता येणार नाही," आवडीताई म्हणाल्या. "तिचे वीस गुण तुम्ही परत घ्या, पुन्हा परीक्षा ठेवा. ऐंशी गुण नकाशाला आहेत. नकाशे बघा."

"सात नकाशे, एकच वाडी. एकसारखेच असणार."

"वाडी एकसारखी आहे. पावलं नाहीत."

त्यांनी चिंधीचं पान पडद्यावर धरलं. तीस मीटरला त्रेपन्न पावलं. विहिरीपासून समाजमंदिरापर्यंत दोनशे बारा. म्हणजे एकशे वीस मीटर. मग दशरथचं पान. तीस मीटरला एक्केचाळीस, तेच अंतर एकशे एकसष्ट पावलं. म्हणजे एकशे अठरा. ललिताचं. पन्नास, आणि दोनशे दोन. एकशे एकवीस.

"प्रत्येकाची पावलं वेगळी, आकडे वेगळे, आणि अंतर दोन-तीन मीटरच्या आत," आवडीताई म्हणाल्या. "हे बसून करता येत नाही. ज्याला त्याला आपल्या पायानंच चालावं लागतं."

कर्णिक सर पानं बघत राहिले. मग म्हणाले, "आकडे मागून जुळवता येतात."

"मग फोन लावा. कुणालाही. मी बोलत नाही."

त्यांनी चिंधीला लावला. स्पीकरवर वारा ऐकू आला. ती आंब्याखाली होती.

"तीस मीटरला तुझी पावलं किती?"

"त्रेपन्न, सर. चढाला अठ्ठावन होत्यात."

"चढाचं कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाय. पण वाडीला सपाट कुठाय, सर? मोजलं तसं लिवलं."

कर्णिक सर हसले. त्यांनी आणखी दोघांना विचारलं, तीच गत.

"ठीक आहे," कर्णिक सर म्हणाले. "नकाशे स्वीकारू. परीक्षा पुन्हा घेऊ, तोंडी. सातही जणांचे गुण..."

"सहा," आवडीताई म्हणाल्या.

ऋतिकाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"सहाजणांचे, सर. पोशाचा नकाशा त्याचा नाही. त्याच्याही पानावर त्रेपन्न पावलं आहेत. पोशानं हात वर केला की कौलाला लागतो. त्याची त्रेपन्न होणार नाहीत."

पडद्यावर कर्णिक सरांनी ते पान शोधलं. त्यांच्या लक्षात आलंच नव्हतं. ऋतिकाने ताईंच्या पायाला पाय लावला. ताईंनी पाय बाजूला घेतला.

"म्हणजे ही नक्कलच," कर्णिक सर म्हणाले.

"काम झालेलं नाही, असं म्हणा. तो संक्रांतीपासून आईबापाबरोबर वीटभट्टीवर आहे. सुतळीचं पाकीट वाडीत गेलं तेव्हा तो तिथे नव्हता. मी त्यालाही रविवारचे फोन करत होते. तो 'हो मॅडम, चालू हाय' म्हणायचा, आणि कुठून बोलतोयस विचारलं की 'वाडीतून'. भट्टीचं मला हे पान बघून चौकशी केल्यावर कळलं. मुदत द्या. मी त्याच्याकडून करून घेते."

कर्णिक सरांनी एकतीस मेपर्यंतची मुदत दिली. आणि पुढच्या सत्रापासून कोर्स दुसऱ्या शिक्षकाकडे जाईल, हेही त्यांनी सांगितलं, अवघडून.

संध्याकाळी चिंधीचा फोन आला. आवाज तापलेला.

"मॅडम, पोशाचं मीच भरलं होतं. त्यो बिचारा भट्टीवं. त्यांना कळलं कसं?"

"त्यांना नाही कळलं. मी सांगितलं."

"तुमी? त्यांच्या ध्यानात नव्हतं ना आलं?"

"नव्हतं."

"मग कशापायी सांगितलं?"

"माझ्या ध्यानात आलं होतं ना गं."

चिंधी म्हणाली, "सातजणांचं एकच काम हाय असं आमी धरलं होतं. एक नाय तर त्याचं दुसऱ्यानं करायचं. लावणीला आमी तसंच करतो."

"लावणीत रोप कुणी लावलं ते बघत नाहीत. नकाशात बघतात. हे मी पहिल्या धड्यात सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

"आता तुमी भट्टीवं जाणार काय?"

"शनिवारी."

"त्याची सुतळी माज्याकडंच पडलीय. पाठवू?"

"राहू दे. मी दुसरी कापते."

घरी येताना ऋतिका रागावली होती. कुणावर, ते तिला कळत नव्हतं. एवढी पुस्तकं वाचली, त्यांतल्या माणसांच्या खरेपणाबद्दल परीक्षेत पानंच्या पानं लिहिली, आणि खरेपणा समोर बसला तेव्हा तिनं टेबलाखालून त्याला लाथ मारली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी ती ताईंबरोबर गेली. पनवेलला बस, तिथून टेंपो, मग उन्हात पायी. ताईंचे ओठ हलत होते. भट्टी पनवेलच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. कच्च्या विटांच्या रांगा, कुडाच्या झोपड्या, डोळ्यांत जाणारी राख. पोशा माती तुडवत होता. मॅडमना बघून तो गुडघ्यापर्यंतच्या चिखलात तसाच उभा राहिला.

"मॅडम, तुमी इथं?"

"तू फोनवर खोटं बोललास."

"होय."

"बाहेर ये. पाय धू. चाल."

त्यांनी झोपड्यांपुढे सुतळी पसरली. पोशा तीनदा चालला. भट्टीवरची पोरं मागून मोजत होती, बायका पदराआड हसत होत्या. एकोणचाळीस, चाळीस, चाळीस.

"पण मॅडम, नकाशा वाडीचा काढायचाय. मी तर हितं."

"कोर्सात लिहिलंय, आपण राहतो ते गाव. तू चार महिने कुठे राहतोयस?"

पोशाने आजूबाजूला बघितलं. जणू भट्टीला बाजू असतात हे त्याला आत्ता दिसत होतं. ताईंनी त्याला कागद दिला, कागदाखाली धरायला पुठ्ठा दिला. त्यानं आधी उत्तरेचा बाण काढला. मग झोपड्यांची रांग मोजून आला, काढली. तेरा झोपड्या, चौऱ्याण्णव पावलं. आकडे लिहिताना त्याच्या बोटांची माती कागदाला लागत होती. ताई उन्हात उभ्या होत्या. त्यांनी एकदाही त्याच्या कागदावर बोट ठेवलं नाही.

तेवढ्यात मुकादमाची हाक आली. माती वाळायला लागली होती. पोशाने कागद ताईंकडे दिला.

"फुडल्या शनवारी पुरा करतो, मॅडम."

"आकडे डोक्यात ठेव. चाळीस."

पुढच्या शनिवारी भट्टी विझलेली होती. ठेकेदाराने माणसं दुसरीकडे हलवली होती. कुठे, ते राखणदाराला नीट सांगता येईना. पोशाचा फोन लागत नव्हता. चिंधीनं वाडीत विचारलं. कुणी म्हणालं शहापूर, कुणी म्हणालं वाडा तालुका. आवडीताईंनी दोन्हींकडच्या भट्ट्यांची यादी काढली आणि एकेकीला फोन लावत गेल्या. "कुठून बोलताय?" असं विचारत.

बाकीच्या सहांची तोंडी परीक्षा झाली, निकाल लागला. चिंधी कागद घेऊन आश्रमशाळेत गेली. एकतीस मे उलटली. ताईंनी मुदत वाढवून मागितली. कर्णिक सरांनी पंधरा जून दिली, आणि यापुढे देता येणार नाही असं लिहिलं.

दहा जूनला नव्या शिक्षकाकडे कोर्स सोपवायचा होता. ऋतिका मदतीला बसली. धडे, चर्चेची पानं, मुलांचे आवाज, सगळं नीट लावून दिलं. गुणांच्या तक्त्यात पंचेचाळीस ओळी भरलेल्या. सेहेचाळिसाव्या ओळीपुढे ताईंनी लिहिलं, "काम चालू. ही ओळ माझ्याकडे राहील." मग पिशवीत सुतळी घातली. शहापूरच्या भट्ट्यांवर पोशा नव्हता, म्हणून शनिवारी त्या वाडा तालुक्यातल्या भट्ट्या बघायला जाणार होत्या. ऋतिकाला त्यांनी या खेपेला चल म्हटलं नाही, आणि ती विचारल्याशिवायच तयार झाली.

पोशाचं पान पुठ्ठ्यासकट ताईंच्या टेबलावर होतं. त्यावर उत्तरेचा बाण आहे. तेरा झोपड्यांची रांग आहे. पाण्याच्या टाकीपासून भट्टीपर्यंत एक रेघ ओढलेली आहे, आणि तिच्यावर अजून आकडा नाही.